‘लवकर सापडला म्हणजे वाचलाच’ : एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘दरवर्षी फुल बॉडी चेकअप करा. लवकर सापडलेला कॅन्सर बरा होतोच. तपासून घेण्यात नुकसान तर काहीच नाही, उलट पुढचा मोठा खर्च वाचतो. आणि जो तपासणी टाळतो तो घरच्यांशी बेजबाबदारपणे वागतो.’ शब्द थोडेफार बदलून हा संदेश सतत फिरत असतो. पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, पण त्यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अंगात कुठे गाठ जाणवली, शौचातून रक्त गेलं, कारण नसताना वजन उतरलं, तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही लावू नका. पुढचं सगळं आहे ते काहीही त्रास नसलेल्या माणसाने केलेल्या तपासणीबद्दल, म्हणजे स्क्रीनिंगबद्दल.

‘लवकर सापडला की बरा होतोच.’ पुरावा म्हणून पाच वर्षं जगणाऱ्यांची टक्केवारी दिली जाते. ती का फसवते ते पाहा. दोन माणसांना अगदी सारखाच कॅन्सर आहे आणि दोघंही सत्तराव्या वर्षी जातात. एकाला खोकला लागला म्हणून सदुसष्टाव्या वर्षी निदान झालं. दुसऱ्याला स्कॅनमुळे साठाव्या वर्षीच कळलं. नोंदीत पहिला तीन वर्षं जगला, दुसरा दहा. पाच वर्षांचा निकष लावला तर पहिला नापास, दुसरा पास. आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढलेलं नाही. आजारी म्हणून जगण्याची वर्षं तेवढी वाढली. त्यात आणखी एक भर पडते: सावकाश वाढणारी गाठ वर्षानुवर्षं शरीरात असते म्हणून तपासणीत सापडते, आणि झपाट्याने वाढणारी दोन तपासण्यांच्या मधेच उगवते. म्हणजे स्क्रीनिंगच्या जाळ्यात मुळातच सौम्य आजार जास्त येतात.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: तपासलेल्यांच्या गटात मृत्यू कमी झाले का? अंडाशयाच्या कॅन्सरबाबत ब्रिटनमध्ये हे दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर तपासलं गेलं. कोणाची तपासणी करायची ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. २०२१मध्ये शेवटचा निकाल आला. दरवर्षी रक्ततपासणी झालेल्या गटात पहिल्या टप्प्यातले कॅन्सर खरोखरच जास्त सापडले, चौथ्या टप्प्यातले कमी झाले. मृत्यू मात्र घटले नाहीत.

‘नुकसान तर काहीच नाही.’ सगळ्यात घातक दावा हाच आहे. दक्षिण कोरियात १९९९मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडचा, म्हणजे गळ्यातल्या एका ग्रंथीचा, कॅन्सर त्या यादीत नव्हता, पण थोडे जास्तीचे पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. एकाच वर्षात ४० हजारांवर लोक कॅन्सरचे रुग्ण ठरले. या कॅन्सरने होणारे मृत्यू आधी जितके होते तितकेच राहिले, वर्षाला ४००हून कमी. गाठी खोट्या नव्हत्या. त्यांतल्या बहुतेकांनी त्या माणसाला जन्मभर काही केलं नसतं, इतकंच. तरीही जवळपास सगळ्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. बहुतेकांना कायमच्या गोळ्या लागल्या, सुमारे ११ टक्क्यांना कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी निकामी झाल्याचा त्रास जडला, २ टक्क्यांच्या स्वरयंत्राच्या नसेला इजा झाली. २०१४मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

खोट्या धोक्याचा हिशेब तर वही-पेन घेऊन करता येतो. समजा, एखादा आजार हजारात एकाला आहे. चाचणी चांगली आहे: आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडते, निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर ‘नाही’ म्हणते. दहा हजार लोक तपासले, तर १० आजारी लोकांपैकी ९ सापडतील आणि ९,९९० निरोगी लोकांपैकी जवळपास ५०० जणांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे छप्पन्न जणांत खरा आजारी एक. उरलेल्यांच्या वाट्याला पुन्हा स्कॅन, बायोप्सी (शरीरातला छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) आणि निकाल येईपर्यंतच्या झोप उडालेल्या रात्री.

मोठ्या पॅकेजमध्ये हे हमखास घडतं. अनेक रक्तचाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादाच अशी आखलेली असते की निरोगी लोकांतले ५ टक्के तिच्या बाहेर पडावेत. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाच्याही रिपोर्टमध्ये निदान एक आकडा लाल दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते.

‘दरवर्षी सगळंच तपासा.’ सरसकट आरोग्य तपासणीवरच्या १७ प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने २०१९मध्ये आढावा घेतला. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात जवळपास काहीच फरक दिसला नाही.

याचा अर्थ कुठलीच तपासणी करू नये, असा कोणी काढू नये. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी जीव वाचवते, ठरावीक वयानंतर मोठ्या आतड्याची वाचवते, रक्तदाब मोजणं तर हवंच. वर्षानुवर्षं भरपूर धूम्रपान केलेल्यांत कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटल्याचं २०११मध्ये अमेरिकेत सिद्ध झालं. मात्र त्याच प्रयोगात संशयास्पद निघालेल्या स्कॅनपैकी ९६ टक्क्यांत कॅन्सर नव्हता. मॅमोग्राफीबाबत, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरसाठीच्या एक्स-रे तपासणीबाबत, ब्रिटनच्या स्वतंत्र समितीने २०१२मध्ये अंदाज दिला की एक मृत्यू टळतो तेव्हा तीन स्त्रियांवर अशा कॅन्सरचे उपचार होतात, जो त्यांना कधी जाणवलाही नसता. हे ऐकून एखादी स्त्री तपासणी करायचं ठरवेल, दुसरी नाही म्हणेल. दोघींचंही बरोबर आहे. पण हा आकडा त्यांना आधी कळायला हवा, आणि तो सांगण्याची जबाबदारी तपासणी सुचवणाऱ्याची आहे.

‘पुढचा खर्च वाचतो.’ क्वचित वाचतो. एकाचा आजार टाळण्यासाठी शेकडो, कधी हजारो लोक तपासावे लागतात, आणि खोट्या पॉझिटिव्हच्या मागोमाग येणाऱ्या तपासण्यांचं बिल वेगळंच. जीव वाचत असेल तर खर्च जरूर करावा, पण त्याला बचत म्हणू नये.

उरला बेजबाबदारपणाचा आरोप. त्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण तो आजारी माणसावरच उलटतो. नेमाने तपासणी करणाऱ्यालाही दोन तपासण्यांच्या मधे कॅन्सर होतो. तरी भेटायला आलेले लोक ‘वेळेवर दाखवायला हवं होतं’ म्हणून जातात आणि घरचे ते वाक्य वर्षानुवर्षं मनात घेऊन बसतात. अंडाशयाच्या कॅन्सरने आई गेलेल्या मुलीने ‘दरवर्षी रक्त तपासलं असतं तर’ म्हणून स्वतःला दोष देण्याचं काही कारण नाही. दोन लाख स्त्रियांवरच्या त्या प्रयोगात दरवर्षी रक्त तपासूनही मृत्यू कमी झाले नव्हते.