कलमांचा कॉलम

"स्वतःचे ॲप बनवायला एक ओळसुद्धा कोड लिहावा लागत नाही," असे जो सांगतो त्याला लगेच विचारावे, "मग काय लिहावे लागते?" कारण बाकीचे सगळे लिहावे लागते. आंब्याची पेटी म्हणजे नक्की काय, गिऱ्हाईक कोणाला म्हणायचे, 'पैसे आले' आणि 'पैसे टाकतो म्हणाले' यांत फरक किती, आणि अक्षय्यतृतीया किती तारखेला. घरात या गोष्टी आजवर कोणी कोणाला विचारल्या नव्हत्या. सगळ्यांना त्या आपापल्या परीने माहीत होत्या, आणि त्यामुळेच घरात शांतता होती.

आमचा धंदा देवगड तालुक्यातला, हापूसचा. मार्चअखेर ते मेअखेर पुण्या-मुंबईला घरपोच पेट्या. उरलेले वर्ष कोकम, आगळ, फणसपोळी आणि कोणाकडून किती यायचे राहिले यावर चर्चा. या धंद्याचा 'डेटा' (हा भाच्याचा शब्द) वहिनींच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत असतो. पान उघडले की आधी चिकाचे तपकिरी डाग दिसतात, मग अक्षरे. निळ्या शाईत नाव, डझन, रक्कम. लाल शाई म्हणजे उधारी. नावापुढे एक फुली म्हणजे पैसे वेळेवर, दोन फुल्या म्हणजे वेळेवर, पण घासाघीस करून. पानाचा कोपरा दुमडलेला असला तर समजावे, गेल्या साली आंब्यात साका (आतून खराब गर) निघाल्याची तक्रार आहे. पार्ल्याच्या एका काकूंच्या नावासमोर नुसतेच लिहिले आहे, 'फोन स्पीकरवर ठेवू नये.'

भाचा शिमग्याला आला तो लॅपटॉप घेऊनच. पालखी घरी यायची होती, अंगणात सारवण चालले होते, आणि हा ओटीवर बसून आम्हाला 'नो-कोड', म्हणजे कोड न लिहिता ॲप बनवणे, समजावत होता. वहीचा धोका पटवण्यासाठी त्याने थेट इंग्लंड गाठले. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथल्या सरकारी आरोग्य खात्याच्या यादीतून करोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद काही दिवस गळून पडली होती. कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत भरत होते, आणि त्या फायलीत ६५,५३६ च ओळी मावतात.

"वहीची पानं संपली की मी नवी वही आणते," वहिनी म्हणाल्या, आणि सारवायला गेल्या.

भाच्याने मग अशी ॲप बनवू देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मची तुलना करणारा भलामोठा तक्ता उघडला. तो एक्सेलमध्ये होता. मी काही बोललो नाही. पाहुणा होता.

एअरटेबल सॅन फ्रान्सिस्कोचे, २०१२ सालचे. वरून तक्ता, आतून डेटाबेस, म्हणजे माहितीचे कोठार. तीच माहिती कॅलेंडर म्हणून बघा, खेळायच्या पत्त्यांसारखे रकाने मांडून बघा. दिसायला इतके देखणे की दादाने रंगच बदलत तासभर घालवला. फुकटच्या योजनेत एका 'बेस'ला (म्हणजे एका डेटाबेसला) हजार नोंदी. आमच्याकडे हजार नोंदी गुढीपाडव्यापर्यंत होतात, त्याही नुसत्या चौकशीच्या. ॲपशीट गूगलने २०२० मध्ये विकत घेतले. आपल्याच गूगल शीटवर ते मोबाइलचे ॲप चढवते. झोहो क्रिएटर चेन्नईचे, २००६ पासूनचे. बिल रुपयांत, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र कोड लागत नाही म्हणता म्हणता 'डेल्यूज' नावाची त्याची स्वतःची भाषा हळूच पुढे येते. मायक्रोसॉफ्टचे पॉवर ॲप्स हे ज्यांच्या हापिसात आधीपासून मायक्रोसॉफ्ट आहे त्यांच्यासाठी. आमच्या हापिसात आधीपासून पेंढा आहे. बेसरो मुक्त-स्रोत, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, आणि आपल्याच सर्व्हरवर (सतत चालू ठेवायच्या संगणकावर) बसवता येते. सर्व्हर कुठे ठेवणार, तर भाचा म्हणाला, माळ्यावर. आमच्या माळ्यावर जुलैत चामड्याच्या चपलेला मिशा फुटतात.

आणि कंपनी मोठी आहे म्हणून निर्धास्त राहावे, तर तेही नाही. अ‍ॅमेझॉनने जून २०२० मध्ये 'हनीकोड' नावाचे असेच एक काढले आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद केले. म्हणजे वर्षश्राद्धही चार वर्षांनी एकदाच.

"तिथीन घालूचा," नाना आरामखुर्चीतून म्हणाले. नाना आमचे चुलते. वय झाल्यापासून ते धंद्यात लक्ष घालत नाहीत, फक्त मत देतात.

गूगलनेही आपला 'ॲप मेकर' जानेवारी २०२१ मध्ये गुंडाळला. त्यामुळे माझ्या मते यातल्या कुठल्याही घरात शिरण्याआधी परसदार कुठे आहे ते पाहावे. दार सगळ्यांना असते, त्याला सीएसव्ही म्हणतात, म्हणजे माहिती बाहेर काढायची स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल. मी त्या दारातून आमची गिऱ्हाईके एकदा बाहेर काढून पाहिली. तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली तर देवनागरीच्या जागी टोप्या घातलेली, शेपट्या लावलेली परदेशी अक्षरे, आणि सगळ्या बारा आकडी फोन नंबरांचे मिळून '९.२ई+११'. दादरपासून धायरीपर्यंत सगळ्यांचा एकच नंबर. फाइल नुसती दोनदा टिचकी मारून उघडायची नसते, 'आयात करा' म्हणून उघडायची, यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत निवडायची, नंबरांचा रकाना 'मजकूर' म्हणून सांगायचा, हे नंतर कळले. पण तोवर दादाने शेजारी सांगून टाकले होते की आपले गिऱ्हाईक आता परदेशात गेले.

मग प्रत्यक्ष माहिती भरायला बसलो. पहिला रकाना, 'नग'. भाचा म्हणाला, इथे आकडा टाक. आता पेटी चार डझनी असते, पाच डझनी असते, सहा डझनी असते. फळ मोठे तर डझन कमी. शिवाय लाकडी पेटी वेगळी, पुठ्ठ्याचा बॉक्स वेगळा. वहिनी ऑर्डर लिहितात ती अशी : 'पाच डझन, त्यातले एक डझन आजच खायचे, बाकी लग्नाला.' हे आकड्याच्या रकान्यात टाकले की रकाना लाल होतो. वहिनींच्या वहीत लाल म्हणजे उधारी, त्यामुळे तिथेही गोंधळ.

तारखेचा रकाना त्याहून वाईट. निम्मी गिऱ्हाईके अक्षय्यतृतीया सांगतात. ती २०२४ मध्ये १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. जगातल्या यच्चयावत प्लॅटफॉर्मांना लीप वर्ष कळते, टाइम झोन कळतो, वैशाख शुद्ध तृतीया कळत नाही. त्यात एका ठिकाणी तारखेची पद्धत अमेरिकन राहिली होती, आधी महिना मग दिवस. ५/४ ची पेटी ४ मेला जाऊन बसली. ५ एप्रिलला डोहाळजेवण होते. ४ मेला त्या घरी फोन केला तेव्हा मुलगी झाल्याचे कळले.

पण खरी परीक्षा 'नात्यां'ची. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. प्रत्येक गोष्ट एकदाच लिहायची, आपापल्या तक्त्यात, आणि तक्ते एकमेकांशी किल्लीने (प्रत्येकाच्या वेगळ्या क्रमांकाने) जोडायचे. गिऱ्हाईक एका तक्त्यात, ऑर्डर दुसऱ्या तक्त्यात, मध्ये दुवा. पत्ता बदलला तर एकाच जागी बदलायचा. कल्पना उत्तम आहे, आजचे हे सगळे प्लॅटफॉर्म तिच्याच जिवावर उभे आहेत, आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त कॉडसाहेबांनी आमचा सातबारा पाहिला नव्हता.

भाच्याने 'कलमे', म्हणजे आंब्याची झाडे, असा तक्ता केला. क्रमांक, जागा, मालक. मालकाच्या रकान्यात यादीतून एक नाव निवडायचे, आणि निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी त्याने सोय केली. त्याला वाटले, सगळ्यात सोपे हेच.

विहिरीकडचे कलम घ्या. जमीन सामायिक, सातबाऱ्यावर आमच्यासकट इतकी नावे की तलाठ्याला पान उलटावे लागते. कलम लावले आजोबांच्या धाकट्या भावाने, म्हणून झाड त्यांच्या वंशाचे. पाणी घातले आमच्या आजीने. फवारणी दादा करतो. फळ गेली काही वर्षे खालच्या वाडीतला एकजण कराराने घेतो आणि विहिरीच्या बाजूची फांदी आत्याच्या वाट्याची, कारण तिच्या लग्नात तसे बोलणे झाले होते. "म्हणजे मेनी-टू-मेनी, अनेकांचे अनेकांशी," भाचा उत्साहाने म्हणाला. त्याने मध्ये एक तक्ता घातला. मग 'फांद्या' असा तक्ता घातला. मग हिस्सा किती टक्के याचा रकाना घातला, तेव्हा दादा, वहिनी आणि नाना यांनी सांगितलेल्या टक्क्यांची बेरीज एकशेचाळीस झाली. संगणक म्हणे, शंभराच्या वर जाता येत नाही. आमच्या घराण्यात आजवर कोणी तरी शंभरावर थांबलेय का?

"माका सांग," नानांनी विचारले, "ह्या मोबाइलात कलम कोणाचा ता कळतला, तर मगे कोर्टात कित्याक जातत लोक?"

कोणाला काय अधिकार द्यायचे, हा पुढचा विषय. मालक, संपादक, टिप्पणी करणारा, नुसता बघणारा अशा पायऱ्या असतात. आमच्या घरात टिप्पणी करणारे भरपूर, त्यांना कोणी अधिकार द्यावे लागत नाहीत. पण बहुतेक ठिकाणी पैसे पडतात ते डोक्यामागे, दरमहा, आणि डॉलरमध्ये. पुण्यातल्या कंपनीत डोकी ठरलेली असतात. आमच्याकडे जानेवारीत दोन, एप्रिलात काढणारे, निवडणारे, पेट्या भरणारे आणि टेम्पोवाला धरून वीस, आणि जूनमध्ये पुन्हा दोन. तुलनेच्या तक्त्यात चाळीस रकाने होते, पण 'आंबे संपल्यावर काय' असा रकाना नव्हता. मला विचाराल तर प्लॅटफॉर्म निवडताना दोनच गोष्टी आधी बघाव्यात, डोक्याचा भाव आणि रेंज गेल्यावर ॲप काय करते. रंग, चिन्हे, एआयचे बटण नंतर.

रेंज हा तर आमचा कुलधर्मच. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, उभे राहिले की चार काड्या, घळणीतल्या बागेत उतरले की शून्य. झेला हातात घेऊन झाडावर चढलेल्या गड्याला भाचा खालून सांगत होता, काढलेली फळे तिथेच नोंदव. "हयसर रेंज खंय आसा?" झाडातून आवाज आला. काही ॲप रेंज नसताना नोंद फोनमध्येच धरून ठेवतात आणि रेंज आली की वर पाठवतात. ॲपशीटमध्ये ती सोय आहे, आणि आमच्या लेखी त्याचे निम्मे मार्क तिथेच. पण त्यातही गंमत अशी की दादा घळणीत आणि मी सड्यावर, दोघांनीही शेवटची पेटी विकलेली असते. सड्यावर आल्यावर दोन्ही नोंदी वर जातात आणि शेवटी येतो तो खरा ठरतो. मुंबईहून येणाऱ्या चुलतभावांचे हेच धोरण आहे.

ऑटोमेशनबद्दल लिहिणार नव्हतो, पण नाना दुपारी झोपले आहेत. ऑर्डरची स्थिती बदलली की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जाईल, असे भाच्याने चाचणीसाठी एका प्लॅटफॉर्मवर लावले होते. फोन ओटीवर, नाना ओटीवर, बाकी सगळे आढी लावत होते. संध्याकाळी एकाच वेळी तीन फोन वाजायला लागले. 'आंबे पोचले, आस्वाद घ्या, अभिप्राय कळवा' असा निरोप यादीतल्या झाडून सगळ्यांना गेला होता. आंबे आमच्या माजघरात, गवतात, हिरवे. एका गृहस्थाने सोसायटीच्या वॉचमनवर संशय घेतला होता. पार्ल्याच्या काकूंचा फोन दादाने घाईत स्पीकरवर ठेवला.

"मी काय एक करूक नाय," नाना म्हणाले. "नुसता बोट लावन बघलंय."

काकूंनी मात्र अभिप्राय कळवला. तो वहिनींनी वहीत लिहून ठेवलाय, पेन्सिलने, म्हणजे पुढेमागे खोडता येईल.

शेवटी दादाने निकाल दिला. ऑर्डरी गूगल शीटमध्ये, त्यावर ॲपशीटचे साधे ॲप, ते फक्त दादा, वहिनी आणि माझ्या फोनवर. उद्या ॲप बंद पडले तरी शीट आपल्या हातात राहते, हे त्याला पटले. तारखेशेजारी 'तिथी' म्हणून मजकुराचा एक रकाना. एक रकाना 'शेरा', त्यात काय वाटेल ते लिहावे. वहिनी आता सगळी ऑर्डर शेऱ्यातच लिहितात. उधारी वहीत.

कलमांचा तक्ता काढून टाक म्हणून भाच्याला सांगितले होते. पण त्याने जायच्या आधी कौतुकाने त्याचा फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. विहिरीकडच्या कलमासमोर, काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते म्हणून, दादाचे नाव होते. डोंबिवलीच्या चुलतभावाने दुसऱ्याच दिवशी वकिलाकरवी कळवले आहे की सदर यादीत त्याचे नाव का नाही याचा खुलासा व्हावा आणि त्याला संपादकाचे अधिकार मिळावेत. आत्याने फांदीपुरते मागितले आहेत. माणशी दरमहा पाच डॉलरपासून दर सुरू होतो, तो सामायिकातून भरायचा की ज्याचा त्याने, यावर बोलणी चालू आहेत.