निर्वाह वेतनाचा विषय कसा तहकूब करावा

अभिनंदन, नगरसेवक साहेब! अभिनंदन, नगरसेविका ताई! चार वर्षं प्रशासकाच्या हाती असलेली महापालिका एकदाची तुमच्या ताब्यात आली. जानेवारीतला गुलाल अजून कानामागून निघाला नाही, तोवर विषयपत्रिकेवर हे काय? कंत्राटी सफाई कामगारांना निर्वाह वेतन, म्हणजे घर नीट चालेल एवढा पगार! घाबरू नका. परवा आमच्या महापालिकेच्या सभेत हा विषय कसा हाताळला ते मी प्रेक्षक गॅलरीत बसून पाहिलं. (पंखा होता. चालू नव्हता.) शिकण्यासारखं बरंच होतं, म्हणून कळवतो.

पहिली गोष्ट, विरोध करायचा नाही. विरोध अडाणी माणसं करतात. आपण उभं राहायचं, सफाई कामगार हेच शहराचे खरे डॉक्टर असं म्हणायचं, कोविडची आठवण काढायची, थाळ्या वाजवल्या होत्या तेही सांगायचं, आणि मग 'प्रशासनाने सर्वंकष अभिप्रायासह फेरसादर करावे' म्हणून खाली बसायचं. बाकं वाजतात. आमच्याकडे अगदी असंच झालं. त्याआधीचा विषय पदाधिकाऱ्यांच्या नव्या गाड्यांचा होता. तो मात्र नगरसचिवांनी वाचायला घेतला न घेतला तोच 'मंजूर, मंजूर'!

किती पगार पुरतो असं कोणी विचारलंच, तर समिती नेमा. हा अभ्यास १९५७ सालीच झालाय हे बोलू नका. त्या वर्षीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं हिशेब मांडून ठेवलाय: एका कमाईवर चौघांचं कुटुंब, खाण्याच्या हिशेबात तीन प्रौढांएवढं, प्रौढाला २,७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, वर इंधन-दिवाबत्तीला २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. निर्वाह वेतन तर राज्यघटनेच्या ४३व्या अनुच्छेदातच आहे. पण घटना चौकात पुतळ्याच्या हातात शोभते, विषयपत्रिकेत नाही. आणि नमुना हवा असेल तर दिल्लीकडे बघा. २०१९ साली केंद्राच्याच तज्ज्ञ समितीनं दिवसाला किमान ३७५ रुपये सुचवले. केंद्रानं देशभराच्या किमान मजुरीचा आकडा १७६ वरून १७८ वर नेला. दोन रुपये! एवढ्यात हल्ली कटिंगसुद्धा येत नाही.

अभ्यासदौरा काढायचा तर अमेरिकेतलं बाल्टिमोर टाळा. त्या शहरानं १९९४ मध्येच कायदा केला, की पालिकेचं कंत्राट हवं असेल तर कामगाराला ठरलेलं निर्वाह वेतन द्या. उगाच नसत्या कल्पना डोक्यात येतील. सिंगापूर बरं.

कामगारांना 'स्वयंसेवक' म्हणा आणि पगाराला 'मानधन'. निम्मा कायदा तिथंच गार पडतो.

संघटनेचं निवेदन हसऱ्या चेहऱ्यानं घ्या, फोटो काढा. कागद नंतर हरवला तरी चालतो.

कोर्टाचंही टेन्शन घेऊ नका. मुंबईत २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, असा आदेश औद्योगिक न्यायाधिकरणानं २०१४ साली दिला. महापालिका वर गेली. सर्वोच्च न्यायालयानं तोच आदेश उचलून धरला, तोवर २०१७ उजाडलं. तुमची मुदत पाच वर्षं. बसवा गणित.

आता निविदा. खरी कला इथं आहे. झाडलोट आणि कचरा उचलण्याच्या कामात मोठा खर्च मजुरीचाच असतो. ठेकेदार येतो आणि अंदाजपत्रकापेक्षा वीस टक्के 'बिलो', म्हणजे कमी दरानं, काम घेतो. तुम्ही टाळ्या वाजवता, महापालिकेचे पैसे वाचले! अहो, ते वीस टक्के तो कुठून काढणार? झाडूच्या काड्या मोजून? आमच्या गल्ली झाडणाऱ्या मावशींनी मला पिशवीत जपून ठेवलेली पगारचिठ्ठी दाखवली. कागदावर सगळं चोख: हजेरी, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, कपात, निव्वळ रक्कम. कपातीत 'गणवेश' असाही रकाना. अंगात मात्र मागच्याच ठेकेदाराच्या नावाचं जाकीट, पाठीवरची अक्षरं अर्धी उडालेली. "दादा, बँकेचा मेसेज पुऱ्या पगाराचा येतो," त्या म्हणाल्या, "पण कार्ड मुकादमाकडं असतं." म्हणजे मुकादम एटीएमवर जाणार, स्वतःचं काढून घेणार आणि उरलेलं हातावर ठेवणार. तक्रार केली तर? "उद्यापासून येऊ नको म्हणतात." हातमोजे विचारले तर त्या हसल्याच. ओला कचरा, सुका कचरा, आपण वर्तमानपत्रात न गुंडाळता फेकलेलं सॅनिटरी पॅड, फुटकी काच, सगळं नुसत्या हातानं. आणि ठेकेदाराचं बिल? ते वेळेवर निघतं. त्याला अभिप्राय लागत नाही, समिती लागत नाही, तिजोरीवर ताणही येत नाही!

तिजोरीचं रडगाणं तर गाऊच नका. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं भरायची, हे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या कामगार संहितेतही आहे. मूळ मालक म्हणजे महापालिका. म्हणजे तुम्ही.

आणि नागरिक हो, गालातल्या गालात हसू नका, तुमच्याकडेही येतोय. सभेची बातमी आली त्या रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, 'यांना एवढा पगार दिला तर उद्या घरकामाला बाई मिळणार नाही.' खाली बारा अंगठे. घंटागाडी एक दिवस चुकली की हेच लोक वॉर्ड ऑफिसला फोन लावतात. तुमच्या घरची घाण काढणारीला दुसरा पर्याय मिळू नये, म्हणून तिला उपाशी ठेवायची? वर तिला 'ताई' म्हणायचं आणि दिवाळीला उरलेला चिवडा द्यायचा? लाज वाटू द्या जरा.

आणि सभागृहातल्यांनो, तुम्हाला दिल्लीला जायचं नाही, नवा कायदाही करायचा नाही. निविदेत मजुरीची रक्कम वेगळी काढा, तिच्यावर बिलो चालणार नाही अशी अट घाला. कार्ड कामगाराच्याच हातात आहे का, हे हजेरीच्या कोठीवर सकाळी सहाला जाऊन बघा. ठेकेदाराचं बिल काढण्याआधी मजुरी पोचल्याचा पुरावा मागा. एका ठरावाचं काम आहे. द्यायचंच नसेल तर उभं राहून सांगा, की आम्ही ठेकेदाराची माणसं आहोत. अभिप्राय कसले मागवता!