मधपेटीला परवाना लागतो का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीकडून मला एक पत्र आले. माझ्या रो-हाउसच्या गच्चीवर सातेरी या देशी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या गेली चार वर्षे आहेत. त्या ठेवण्याबाबतचा सक्षम प्राधिकाऱ्याचा परवाना पंधरा दिवसांत सादर करावा, अन्यथा पेट्या हटवाव्यात, असा पत्राचा आशय होता. पत्राची भाषा सभ्य होती आणि तक्रारीत तथ्यही होते (त्याबद्दल पुढे लिहितो), त्यामुळे रागावण्याऐवजी मी तो परवाना शोधायला निघालो. त्या शोधात जे हाती लागले आणि त्यावरून माझे जे मत बनले, ते इथे सविस्तर लिहितो आहे; कारण पुण्यात हौसेखातर पेटी ठेवणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत आणि असे पत्र आज ना उद्या त्यांच्याही दारात येणार आहे.

प्रथम उत्तर देऊन टाकतो. घरच्या गच्चीवर किंवा परसात एकदोन पेट्या हौसेने ठेवायच्या असतील, तर त्यासाठी महाराष्ट्रात कोणताही स्वतंत्र परवाना नाही. पुण्यात कुत्रा पाळायचा तर महापालिकेकडे नोंद करावी लागते, आता मांजराचीही करावी लागते. मधमाशीसाठी मात्र तसा रकाना नाही. मी एका सरकारी कार्यालयात चौकशीला गेलो, तेव्हा तेथील गृहस्थांनी माझे बोलणे पूर्ण होण्याआधीच अग्निशमन दलाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून दिला. मोहोळ काढून टाकायचे असेल एवढे एकच कारण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. ते पाळण्यासाठी कोणी विचारायला येईल, ही कल्पना त्यांना शिवलीही नव्हती.

कायद्याला मधमाशी अजिबात ठाऊक नाही असे मात्र नाही. १९२७च्या भारतीय वन कायद्यात जंगलातला मध आणि मेण हे वनोपज आहेत. २००६च्या वनहक्क कायद्याने तोच मध गौण वनोपज म्हणून जंगलात राहणाऱ्यांच्या हक्काचा ठरवला. मध विकायचा झाला तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते, मग उलाढाल कितीही लहान असो. व्यवसाय म्हणून मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘मधुक्रांती’ हे नोंदणीचे संकेतस्थळ सुरू केले. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे, तिच्यात निम्मे अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक अशी सोय आहे. पण केंद्रचालक व्हायचे तर स्वतःची किंवा भाड्याची किमान एक एकर शेतजमीन लागते आणि साध्या मधपाळासाठीही शेती असणाऱ्याला प्राधान्य असते. ते योग्यच आहे, योजना शेतकऱ्यासाठीच आखलेली आहे. शेवटी काही विपरीत घडलेच, तर भारतीय न्याय संहितेत प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचे २९१ हे कलम आणि सार्वजनिक उपद्रवाचे २७० हे कलम आहेच. म्हणजे जंगलातला मध, दुकानातला मध, शेतकऱ्याच्या बांधावरची पेटी आणि डंख मारून झाल्यानंतरची माशी, या सगळ्यांची सरकारदरबारी काही ना काही दखल आहे. गच्चीवरच्या दोन पेट्यांची तेवढी नाही.

माझ्या काही मधपाळ मित्रांचे म्हणणे असे की, हे उत्तमच झाले. नियम नाही म्हणजे बंदी नाही, तेव्हा कार्यकारिणीला तसे लेखी कळवून मोकळे व्हावे. मला हे पटत नाही. नियम नसतो तिथे निर्णय भीतीवर होतो, आणि मधमाशीच्या बाबतीत ही भीती बहुधा दुसऱ्याच माशीची असते.

ती दुसरी माशी म्हणजे आग्या. गडकिल्ल्यांवर पर्यटकांवर मधमाश्यांनी हल्ला केल्याची जी बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो, ती जवळजवळ नेहमी आग्या मोहोळाची असते. आग्या उघड्यावर, कड्याच्या कपारीला किंवा उंच इमारतीच्या सज्जाखाली एकच मोठे पोळे लटकावते आणि ती पेटीत राहतच नाही. तिला पाळता येत नाही. सातेरीचे सगळे वेगळे. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते, आणि म्हणूनच लाकडी चौकटींच्या पेटीत ती नांदू शकते. आकाराने लहान, स्वभावाने बरीच मवाळ, आणि त्रास झाला तर लढण्यापेक्षा घर सोडून जाण्याकडे तिचा कल अधिक. आमच्या सोसायटीत तक्रारीला तोंड फुटले ते शेजारच्या इमारतीच्या टाकीखालचे आग्या मोहोळ कीटकनाशक फवारून पाडले, त्यानंतर. अर्धमेल्या माश्या दोन दिवस रस्त्यावर सरपटत होत्या, दोन मुलांच्या पायांना डंख बसले, आणि माश्या पाळणारा परिसरात मी एकटाच असल्याने बोट माझ्याकडे वळले. ज्यांनी फवारणी केली त्यांच्याकडे कोणी कसलाही कागद मागितला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता माझ्या चुकांविषयी. पत्रात चार मुद्दे होते. त्यांपैकी आग्याचा मुद्दा सोडला तर उरलेले तिन्ही खरे होते.

पहिला मुद्दा कपड्यांवरच्या पिवळ्या डागांचा. माशी पेटीत घाण करत नाही, बाहेर पडल्यावर उडता उडता विष्ठा टाकते. मी पेटीचे तोंड पूर्वेला, सकाळचे ऊन मिळावे म्हणून ठेवले होते, आणि त्या सरळ रेषेत शेजारच्या वहिनींची कपडे वाळत घालायची दोरी होती. चार वर्षे त्या पांढऱ्या चादरींवरचे ठिपके निमूटपणे धूत राहिल्या आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. दुसरा मुद्दा पाण्याचा. एप्रिल-मे महिन्यांत माश्यांना पेटी थंड ठेवण्यासाठी पाणी लागते, आणि मी गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवण्यात हयगय केल्यामुळे त्या समोरच्या घराच्या कूलरवर जाऊन बसत. एकदा एका जागेचे पाणी सापडले की त्या ती जागा सहजी सोडत नाहीत. नंतर मी खडे घालून पसरट परात ठेवली, पण तोवर कूलरची वाट पक्की झाली होती. तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर. फेब्रुवारीत माझी एक वसाहत फुटली, म्हणजे जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडली, आणि तो थवा समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीच्या जाळीला दीड तास लोंबकळत राहिला. थव्यातली माशी पोट भरून निघालेली असते, तिच्याजवळ राखायला घर नसते, त्यामुळे ती सहसा डंख मारत नाही. हे मला ठाऊक आहे. खिडकीच्या आत तान्हे बाळ घेऊन उभ्या असलेल्या आईला ते ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. नवी राणी वाढवण्यासाठी माश्या पोळ्यात जी घरे बांधतात ती वेळेवर तपासून मी ती वसाहत आधीच विभागली असती, तर हा प्रकार बहुधा टळला असता.

ही तिन्ही कामे, म्हणजे उडण्याच्या वाटेवर आडोसा उभारणे, पाण्याची सोय करणे आणि वसाहत फुटू न देणे, अगदी साधी आहेत. जगात ज्या शहरांनी हौशी मधपाळांसाठी नियम केले, त्यांनीही थोडीफार हीच कामे लिहून काढली. न्यूयॉर्क शहराने १९९९ साली मधमाश्यांना जंगली आणि घातक प्राण्यांच्या यादीत टाकून पाळण्यास बंदी केली होती. बंदीमुळे पेट्या थांबल्या नाहीत, फक्त लपल्या. लोक गच्च्यांवर चोरून माश्या पाळत राहिले, आणि चोरून पाळणारा थवा बाहेर पडल्यावर पुढे येऊन ‘माझा आहे’ असे थोडाच म्हणणार? मार्च २०१०मध्ये शहराच्या आरोग्य मंडळाने ती बंदी उठवली. आता तिथे पेटी ठेवणाऱ्याने आरोग्य खात्याकडे नोंद करायची, माश्यांना पाणी पुरवायचे, थवा बाहेर पडला तर तो आवरायचा, आणि शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही असे पाहायचे, एवढीच अपेक्षा आहे.

नोंदणीचा खरा उपयोग मात्र शेजाऱ्यांच्या भांडणापुरता नाही, तो रोगराईत दिसतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात एक जरी पेटी असली तरी नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदणीचा क्रमांक पेटीवर घालावा लागतो. जून २०२२मध्ये तिथे न्यूकॅसल बंदरात व्हरोआ हा मधमाश्यांच्या अंगावर जगणारा कोळीवर्गीय परजीवी सापडला, तेव्हा आसपास कोणाकडे पेट्या आहेत हे शोधायला सरकारजवळ निदान यादी तरी होती. त्यांना तो रोखता आला नाही, २०२३मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडावा लागला. पण ज्याच्याकडे पेटी आहे त्याच्यापर्यंत इशारा पोहोचवण्याची वाट तयार होती. आपल्याकडे काय झाले ते पाहा. थाई सॅकब्रूड या विषाणूने १९९१-९२च्या सुमारास दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या. पिल्लांच्या अळ्या घरातच पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरत आणि पेट्या पाहता पाहता रिकाम्या होत. असे काही उद्या पुण्यात आले, तर शहरात किती पेट्या आहेत, कुठे आहेत, कोणाला सावध करायचे, हे एकाही कार्यालयाला सांगता येणार नाही. माझ्या पेटीत रोग आला तर मलाही कोणाला कळवायचे ते ठाऊक नाही. मी फार तर व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकीन.

म्हणून माझे मत असे आहे की, हौशी मधपाळाला परवाना नको, नोंदणी हवी. हा शब्दांचा खेळ नव्हे. परवाना म्हटला की आधी अर्ज, मग पाहणी, मग कोणाच्या तरी सहीसाठी सहा महिने हेलपाटे, आणि तोवर पेटी बेकायदा. नोंदणीत मी कळवतो आणि कामाला लागतो. चुकलो तर माझ्यावर कारवाई करता येते, कारण मी कोण आणि कुठे आहे ते लिहिलेले असते. कुत्र्यामांजराच्या नोंदणीशेजारी आणखी एक रकाना वाढवण्यापलीकडे यात महापालिकेला फारसे काही करावे लागणार नाही. सोबत अटी घालाव्यात आणि त्या मोजता येतील अशा असाव्यात: इतक्या जागेत इतक्याच पेट्या, तोंडासमोर माणसाच्या डोक्याहून उंच आडोसा, बारमाही पाणी, आणि पेटी उघडण्याआधी शेजाऱ्यांना सूचना. प्रशिक्षणाचीही अट घालावी. पुण्यात तर ती जाचक ठरूच नये, कारण शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालापासून उभी आहे. पेटी आधी आणून माहिती नंतर व्हिडिओंतून गोळा करणाऱ्यांमध्ये मीही होतो, म्हणून हे अधिक ठासून लिहितो.

एका अटीवर माझे मित्र माझ्याशी भांडतील. शहरातल्या हौशी पेटीत फक्त सातेरी किंवा डंख नसलेली पोयाची माशीच असावी, युरोपीय मेलिफेरा नसावी, असे मला वाटते. मेलिफेरा मध अधिक देते हे मान्य आहे, पण तिला पुरेसा फुलोरा मिळावा म्हणून पेट्या गावोगाव हलवाव्या लागतात, ते व्यावसायिकाचे काम आहे. ज्याला वर्षाकाठी चारसहा बाटल्या मध आणि सकाळचा अर्धा तास पेटीजवळ बसायचे सुख हवे, त्याचे सातेरीवर उत्तम भागते.

आणि एका ठिकाणी मधपाळाने माघार घ्यावी, असेही मला वाटते. लगतच्या घरात कोणाला डंखाची जिवावर बेतणारी ॲलर्जी असेल आणि डॉक्टरांनी तसे लिहून दिले असेल, तर पेटी तिथून हलली पाहिजे. हौस कितीही निरुपद्रवी असली तरी तिची किंमत दुसऱ्याने मोजू नये. परंतु हे कारण लेखी आणि खरे असावे. ‘सर्वसाधारण सभेत बहुमत झाले’ एवढेच पुरेसे धरू नये. सामाईक गच्चीवर पेटी ठेवायची तर सभेची परवानगी हवीच, त्याबद्दल वाद नाही. स्वतःच्या गच्चीवर मात्र काय असावे, हे भीतीच्या बहुमताने ठरू नये.

१६ मे २०२२ रोजी महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून राज्याने मोठ्या अभिमानाने जाहीर केले, पुढे भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचेही नाव त्यात आले. तिथे सरकार माशीच्या बाजूने उभे आहे. शंभरसव्वाशे किलोमीटरवरच्या शहरात त्याच सातेरीच्या पेटीबद्दल विचारायला गेलो, तर अग्निशमन दलाचा क्रमांक मिळतो.

कार्यकारिणीला मी उत्तर दिले आहे. असा परवाना अस्तित्वात नाही हे लिहिले, तीन चुका मान्य केल्या, आणि वरच्या अटी स्वतःला लावून घेत असल्याचे कळवले. आडोशाची हिरवी जाळी लागली आहे. पेट्यांची तोंडे पश्चिमेकडे वळवायची आहेत, ते एका दिवसात होत नाही. एकदम हलवले तर रानातून परतलेल्या माश्या जुन्याच जागी येऊन घिरट्या घालत राहतात, म्हणून रोज संध्याकाळी माश्या आत गेल्यावर पेटी वीतभर सरकवतो आणि थोडी थोडी फिरवतो. पंधरा दिवसांची मुदत त्यामुळे अपुरी पडणार होती, ती सचिवांनी महिन्यावर वाढवून दिली. वहिनींना मधाची बाटली द्यायला गेलो होतो. त्यांनी ती घेतली, आणि चादरींचे काय, असे विचारले. दोन नव्या चादरी उद्या आणतो आहे.