काचा लावल्या म्हणजे धूर बाहेर राहिला, असं नाही

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोबाईलवर एक निरोप फिरू लागतो: बसच्या काचा घट्ट लावा, मागच्या सीटवर बसा, प्रदूषण लागणार नाही, खरा त्रास उन्हाळ्याच्या धुळीचा, पावसाळ्यात तर हवा शुद्धच. दम्याच्या माणसाने हे ऐकलं तर त्याचा त्रास वाढेल, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘काचा लावल्या की धूर येत नाही.’ धूर काय फक्त खिडकीतूनच येतो? इंजिन पुढे असलेल्या गाडीत बॉनेटचं रबर चिरलं, सायलेन्सरचा जोड सुटला किंवा तळाला भोक पडलं, की तो थेट आत शिरतो आणि काचा बंद असल्या की आतच कोंडतो. शिवाय बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ५० माणसं आणि गाडीत ५० घनमीटर हवा धरली, तर सगळं घट्ट बंद असताना दहाच मिनिटांत त्याचं प्रमाण ३००० पीपीएमने, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांमागे ३००० भागांनी, वाढेल. बाहेर ते सव्वाचारशेच्या आसपास असतं. फटींमुळे प्रत्यक्षात वाढ कमी होते, तरी भरलेल्या गाडीत डोकं जड होतं त्यामागे हेही असतं. स्टँडवर, सिग्नलला, ट्रकच्या मागे असताना काच लावा. मोकळा रस्ता लागला की दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघडा.

‘मागची सीट सुरक्षित.’ उलट आहे. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, तिथे तिचाच धूर घुटमळतो आणि मागच्या उघड्या खिडकीतून आत येतो.

‘उन्हाळा सर्वांत वाईट.’ डोळ्यांना दिसते ती धूळ जाड, बरीचशी नाकात अडकते. फुप्फुसात खोल जातात ते २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण, आणि ते थंडीत वाढतात. पहाटे जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, धूर खालीच साचतो. त्यात गळीत हंगाम, शेतात पेटवलेलं पाचट, वीटभट्ट्या. ऊन चढलं की हा थर मोडतो. म्हणून जमत असेल तर दम्याच्या माणसाने सातऐवजी दहाची बस धरावी. या कणांची २४ तासांची मर्यादा आपल्या २००९ च्या मानकात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ ठेवली.

‘पावसाळ्यात हवा शुद्ध.’ बाहेर बऱ्याच अंशी खरं. आत मात्र काचा बंद, छत्र्या ओल्या, सीटच्या फोमला बुरशी, आणि बुरशीनेही दमा उठतो. चपलांबरोबर आलेला खानापूरकडचा तांबडा चिखल वाळल्यावर कोरड्या केरसुणीने झाडला की गाडीभर उडतो. तो ओल्या फडक्यानेच पुसायला हवा.