काळा म्हणजे किती काळा?

कडकनाथ ही कातडी-मांसापर्यंत काळी असलेली कोंबड्यांची जात. ती पाळणाऱ्याला एक बिनपगारी नोकरी आपोआप चिकटते: गावभरच्या कोंबड्यांची कुंडली मांडायची. कुणीतरी डालग्यातून काळा कोंबडा आणतं, माझ्या पुढ्यात ठेवतं आणि विचारतं, "भाऊ, ओरिजनल आहे ना?"

सगळे पिसांकडे बघतात. पिसं काय, गावरान कोंबडाही काळाकुट्ट असतो! उलट अस्सल कडकनाथाचे जेट ब्लॅक, पेन्सिल्ड आणि गोल्डन असे तीन प्रकार मानतात. पेन्सिल्डच्या मानेवरच्या चंदेरी रेघा दिसल्या की लोक 'भेसळ' म्हणून तो परत करतात आणि काळा गावरान जास्त पैसे मोजून नेतात. अंडं काळं नाही, रक्त लालच आहे, हे सांगितल्यावर तर माझ्याच अस्सलपणाबद्दल शंका येते.

मी आधी चोच उघडतो. जीभ जांभळट हवी, तुराही. मग पंखाखालची पिसं फुंकून कातडी बघायची. शेवटी कोंबडा उलटा करून तळवे. तळवा पाटीसारखा करडा-काळा हवा. तिथे गुलाबी किंवा पिवळी झाक दिसली की बोलणं संपलं. तेवढ्यात कोंबडा माझ्या मनगटावर आपलं मत नोंदवतो.

खरी फसवणूक तलंगांत, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांत होते. काळी कातडी देणारा जनुक एका मात्रेतही, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच आला तरी, काम करतो, पण पिवळ्या-पांढऱ्या नडगीच्या गावरानात तो रंग दाबणारा दुसरा जनुक असतो. हा दुसरा लिंगाशी जोडलेला, आणि कोंबडीला तो फक्त बापाकडून मिळतो. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि गावरान कोंबडी अशी जोडी लावली, तर मुली जवळजवळ अस्सलइतक्या काळ्या आणि मुलगे फिके. जोडी उलटी केली तर सगळीच पिल्लं फिकी. बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी 1911 साली सिल्की या काळ्या कातडीच्या जातीत हेच मांडलं होतं. विक्रेता मुली विकतो, मुलग्यांचा रस्सा करतो. म्हणून तलंग घेताना तिचे भाऊ दाखवायला सांगा.

कोंबडा तपासायचा तर त्याला फिक्या नडगीच्या गावरान कोंबड्यांवर सोडा. त्याच्यात काळा जनुक एकेरी असेल तर साधारण निम्म्या मुली फिक्या निघतात. एकेरी कोंबड्याच्या दहाच्या दहा मुली काळ्या निघण्याची शक्यता 1024 मध्ये 1. पण आधी त्या कोंबड्या दुसऱ्या कोंबड्यापासून तीन आठवडे तोडा, कारण जुन्याचं बीज त्यांच्या पोटात टिकतं आणि पिल्लं भलत्याच्या नावावर चढतात. अंड्यावर खुराड्याचा नंबर पेन्सिलीनेच घाला. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं उबवायला ठेवू नका. कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, तेव्हा गावरान दाई किंवा मशीन बघा. उबवणीचे 21 दिवस, पुढे नर-मादी ओळखू येईपर्यंत काही आठवडे.

एवढं ऐकून मालक मान डोलावतो आणि डालगं उचलतो. रविवारी त्याच्याकडे पाहुणे येतात. रात्री फोन: "भाऊ, ओरिजनलच होता! हाडंसुद्धा काळी निघाली."