वरच्याचा धाक आणि माझी आई

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांनी एक मजकूर टाकला. कुठून कुठून फिरत आलेला. आशय असा: नास्तिकाला वरच्याचा धाक नसतो म्हणून नीती नसते, त्याच्या हाती मुलं, पैसा, सत्ता सोपवू नका. त्याच्या आयुष्याला अर्थ नसतो. सृष्टी पाहून त्याला नवल वाटत नाही. आणि नास्तिकपणा हे परदेशी खूळ. आपल्याकडचा एकटा चार्वाक, तोही ‘कर्ज काढा पण तूप प्या’ सांगणारा.

मी स्वतः नास्तिक, पण एरवी असलं वाचून सोडून देते. पण हे आईने वाचलं. रात्री गोव्यातल्या आमच्या खांडेपार गावाहून तिचा फोन आला. बराच वेळ पावसाचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, ‘बाय, तुला जगायला आधार कसला गो?’ 74 वर्षांच्या बाईच्या मनात पोटच्या मुलीविषयी ही भीती कुणी घातली? म्हणून लिहिते.

धाकाचा मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. जुलै 2021 मध्ये खांडेपार नदी काठ सोडून वर आली, तेव्हा आईने खालच्या वाड्यावरच्या दोन कुटुंबांना घरात घेतलं. पेज रांधली, स्वतःचं अंथरूण दिलं. आई देवभक्त आहे, दिव्याशिवाय तिची संध्याकाळ होत नाही. पण त्या रात्री तिच्या डोक्यात पाप-पुण्याचा हिशेब नव्हता, भिजलेली पोरं होती. कुडकुडणारं मूल दारात पाहून आत जे कालवतं, ते मलाही कालवतं. ते मी तिच्याकडूनच घेतलंय. आणि जो केवळ शिक्षेच्या भीतीने चोरी करत नाही, त्याच्या हाती तरी मुलं कशी सोपवायची? पहारा उठला की तो काय करेल?

मामांच्या बैठकीच्या खोलीत भगतसिंगांची तसबीर आहे. लहानपणी मामांनीच मला त्यांची गोष्ट सांगितली. याच भगतसिंगांनी 1930 साली लाहोरच्या तुरुंगात ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिला. वय 23. त्यात त्यांनी स्वच्छ मांडलंय, की श्रद्धाळू हिंदूला पुढच्या जन्मी राजा होण्याची आशा असेल, मुसलमानाला आणि ख्रिश्चनाला स्वर्गसुखाची. माझ्यासाठी मात्र गळ्यात फास पडून पायाखालची फळी सरकली की तोच शेवटचा क्षण. 23 मार्च 1931 ला ते फासावर गेले, हे सगळं जाणून. मामा, या मुलाला नीती नव्हती? त्याच्या जगण्याला अर्थ नव्हता? ती तसबीर भिंतीवर ठेवून हा मजकूर पुढे पाठवता येत नाही.

चार्वाकाचं थोडक्यात. ते तुपाचं वचन आपल्यापर्यंत आलं चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’मुळे. माधवाचार्य वेदान्ती, म्हणजे विरुद्ध पक्षाचे. चार्वाकांचे स्वतःचे मूळ ग्रंथ उरलेच नाहीत. परदेशी खूळ म्हणाल, तर ज्या बुद्धाच्या ओढीने आपल्या गोव्यातल्या सांखवाळचे, बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी घर सोडून निघाले, त्याच्या शिकवणीतही जग घडवणारा देव नाही.

नवल वाटत नाही म्हणे! डिचोलीकडची, लोखंडाच्या खाणींची तांबडी माती पाहा. मांडवी नदीतून बार्जी (मालवाहू बोटी) भरभरून गेलेलं ते लोखंड अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी थराथराने साचलं. त्याच्याही आधी, पृथ्वी नव्हती तेव्हा, ते ताऱ्यांत तयार झालं आणि तारे फुटून अवकाशात विखुरलं. तेच लोखंड आईच्या रक्तात आहे. डॉक्टर तिला त्याच्याच गोळ्या देतात. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. अजूनही पावसाळ्यात तांबडं पाणी वाहताना दिसलं की मी थांबते. चवथीला गणपतीच्या वर रानातल्या फळाफुलांची बांधतात ती माटोळी आमच्या घरी मीच बांधते. रानात फिरून कांगलां, घागऱ्यो शोधताना प्रत्येक वेल कुठे चढलाय, कशाने फुलतो, हे पाहत राहते. त्यात माझा आनंद खोटा आहे असं मला कुणी सांगू नये.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. बाबा गेले तेव्हा देवळातली भजनी मंडळी न बोलावता आली. तेरा दिवस ओटा रिकामा राहिला नाही. आम्हा न मानणाऱ्यांकडे अशी जमलेली माणसं नाहीत, दुःखात एकत्र बसायची आमची रीतच अजून पडलेली नाही. मजकूर लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी गप्प बसून ऐकलं असतं.

आईला मी त्या रात्री एवढंच म्हटलं, की माझा आधार तू आहेस, माणसं आहेत, आणि उद्या सकाळी करायचं काम आहे. ती ‘बरं’ म्हणाली. तिचं समाधान झालं की नाही, आवाजावरून कळलं नाही. शनिवारी मी खांडेपारला जाते आहे. मामा, तुम्हीही या. बाकीच्या मुद्द्यांवर हवं तेवढं भांडू. पण ‘मुलं सोपवू नका’ हे वाक्य त्याआधी ग्रुपवर मागे घ्या, आई वाचेल असं.