दहा खुर्च्या आणि कोमट भात

ओमाकासे सुशीबद्दल आपल्याकडे जे काही लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा दोनच गोष्टी ठळकपणे येतात : बिलाचा आकडा आणि मासा किती ताजा होता याचे कौतुक. या दोन्ही गोष्टी त्या जेवणाच्या गाभ्यापासून आपल्याला दूर नेतात, असे माझे स्पष्ट मत आहे. टोकियोत नोकरीनिमित्त राहत असल्यामुळे अशा लहान दुकानांत जेवण्याचा योग अधूनमधून येतो आणि दर वेळी हे मत अधिक पक्के होत जाते. या जेवणात सर्वांत महत्त्वाचा असतो तो भात, आणि दुकान इतके लहान असण्याचे कारणही तो भातच आहे.

ज्यांना याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओमाकासेमध्ये मेन्यूकार्ड नसते. हिनोकीच्या लाकडाचा एक लांब काउंटर, त्यापुढे आठ-दहा खुर्च्या आणि पलीकडे इतामाए, म्हणजे सुशी करणारा मुख्य कारागीर. त्याला त्या दिवशी तोयोसूच्या, म्हणजे टोकियोतल्या माशांच्या घाऊक, बाजारात जे मनासारखे मिळाले आणि आधीच्या दिवसांपासून ज्याची तयारी चालू होती, ते तो ठरवेल त्या क्रमाने आपल्यापुढे येते. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी काही छोटे पदार्थ देतात आणि मग एकेक निगिरी, म्हणजे भाताच्या लहान गोळ्यावर माशाचा काप, सुरू होते. अनेक दुकाने सर्व पाहुण्यांना एकाच वेळी बसवतात आणि उशिरा येणाऱ्याबद्दल फारशी सहानुभूती दाखवत नाहीत. आपल्याकडच्या अनेकांना हा शिष्टपणा वाटतो, पण त्यामागे भाताचा हिशेब असतो.

सुशीच्या भाताला तिथे शारी म्हणतात. तांदूळ थोडा टणक राहील असा शिजवतात, तो हांगिरी नावाच्या पसरट लाकडी भांड्यात काढतात आणि वाफाळत असतानाच त्यावर मीठ घातलेले व्हिनेगर ओततात. दाणा मोडू नये म्हणून भात ढवळायचा नसतो, लाकडी पळीने कापल्यासारखा परतायचा असतो. त्यानंतर तो अंगाच्या उबेइतका कोमट राहील असा झाकून ठेवतात. ही ऊब टिकण्याचा काळ मर्यादित असतो, म्हणून चांगला इतामाए पाहुण्यांची वेळ पाहून भात लावतो, आणि जेवण लांबणार असेल तर मधेच दुसरा भात तयार करून घेतो. पुष्कळ जुन्या वळणाच्या दुकानांत व्हिनेगर लालसर असते. साके ही तांदळाची जपानी दारू गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून ते बनते, आणि त्यामुळे भाताला फिकट तांबूस रंग व भारदस्त चव येते. आइची प्रांतातल्या हांदा या गावी नाकानो माताझाएमोन याने १८०४ साली या चोथ्याच्या व्हिनेगरचा धंदा सुरू केला. ते तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडत असल्याने एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, सुशीवाल्यांनी ते उचलून धरले. मिझकान ही आजची मोठी व्हिनेगर कंपनी त्याच घराण्याची.

आता निगिरीकडे अगदी जवळून पाहा. इतामाए उजव्या हाताने भाताचा गोळा उचलतो, डाव्या तळहातावरच्या माशाला बोटाने वासाबी हे झणझणीत हिरवे वाटण लावतो आणि चार-सहा हालचालींत दोन्ही एकत्र करतो. भात बाहेरून जेमतेम धरून ठेवलेला असतो, आत हवा असते. तो तुकडा ताटलीवर ठेवला की स्वतःच्याच वजनाने किंचित खाली बसतो. नजर तिथेच असेल तरच हे दिसते. त्यानंतरचे काही क्षण हाच तो खाण्याचा काळ होय. मासा थंड असतो, भात कोमट असतो, आणि तोंडात गेल्याबरोबर दाणे सुटे होतात. तीन मिनिटे फोटो काढत बसलात, तर मासा कोमट होतो, भात गार होतो आणि दोघांमधला फरकच संपतो. तीस-चाळीस पाहुण्यांना एकच माणूस हे देऊ शकणार नाही. त्यामुळे दहा खुर्च्या ही श्रीमंतांसाठी मुद्दाम निर्माण केलेली टंचाई आहे, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. दोन हातांची आणि एका हांगिरीची मर्यादा तेवढीच आहे.

(जाता जाता एक सांगतो. स्त्रियांचे हात गरम असतात म्हणून त्यांनी सुशी करू नये, असा समज या धंद्यात फार काळ बाळगला गेला. जो भात मुळातच अंगाच्या उबेइतका ठेवायचा, त्याच्या बाबतीत हे कारण द्यावे, याला काहीच अर्थ नाही. टोकियोतल्या अकिहाबारा भागात २०१० साली केवळ स्त्रिया चालवतील असे एक सुशीचे दुकान निघाले, याचा मला मनापासून आनंद आहे.)

ताजेपणाचा मुद्दा मात्र सविस्तर मांडायला हवा, कारण मी मालवणकडचा आहे आणि आमच्याकडे मासा रापणीतून थेट तव्यावर यावा अशी धारणा असते. आमच्या स्वयंपाकासाठी ती योग्यच आहे. पण एदोच्या पद्धतीची सुशी १८२० च्या दशकात रूढ झाली, तेव्हा बर्फ नव्हता. निगिरीचे श्रेय बहुधा ज्याला दिले जाते, त्या हानाया योहेईच्या काळात एदोच्या खाडीतला मासा टिकवण्यासाठी त्यावर मिठाचे, व्हिनेगरचे किंवा सोयासॉसचे संस्कार करावेच लागत. पुढे शीतपेट्या आल्या, तरीही हे संस्कार राहिले, कारण त्यांनी चव बदलते हे कारागिरांना कळून चुकले होते. मासा मेल्यानंतर त्याच्या स्नायूंतल्या ऊर्जा देणाऱ्या द्रव्याचे विघटन होत जाते आणि त्यातून इनोसिनेट तयार होते. हे द्रव्य उमामी, म्हणजे मांसाच्या रश्श्यासारख्या भरीव, चवीचे आहे, हे कोदामा शिंतारो यांनी १९१३ साली दाखवून दिले. त्याआधी, १९०८ साली, इकेदा किकुनाए यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे उमामीचेच दुसरे द्रव्य वेगळे काढले होते. ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक वाढते. पांढऱ्या माशाचे काप कोम्बूच्या दोन पट्ट्यांमध्ये काही तास दाबून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, ती नेमके हेच साधते. म्हणजे काउंटरवर समोर आलेला ताई नावाचा पांढरा मासा कालचा किंवा परवाचा असेल, तर त्यात कमीपणा काहीच नाही. तो तसा ठेवला म्हणूनच तसा लागतो.

माझ्या दृष्टीने दुकानाची परीक्षा कोहादावर होते. ही हेरिंगच्या जवळच्या कुळातली, काळ्या ठिपक्यांची, चंदेरी, लहानशी मासळी. ती नुसती कच्ची खावी अशी नाही. काटे फार आणि वास उग्र. खवले, डोके व आतडी काढून ती उघडतात, मीठ लावतात, धुतात, मग व्हिनेगरमध्ये ठेवतात आणि नंतर मुरू देतात. मीठ किती वेळ ठेवायचे, हे माशाच्या आकारावर, चरबीवर आणि त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असते. थोडे जास्त झाले की मासा चामट, थोडे कमी झाले की वास राहतो. नीट जमलेला कोहादा दाताखाली आधी किंचित प्रतिकार करतो, मग आंबटपणा येतो, आणि शेवटी भातातल्या व्हिनेगरशी त्याची गाठ पडते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळणारी त्याची पिल्ले सोडली तर हा मासा महाग नसतो. त्यात जे मोल आहे ते सगळे कारागिराच्या कामाचे.

याउलट ट्यूनाचे. २०१९ च्या जानेवारीत तोयोसूच्या वर्षातल्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला आणि जगभर त्याची बातमी झाली. तोरो हा त्याच्या पोटाचा चरबीदार भाग उत्तम असतो, यात शंका नाही. पण एदोकाळात हाच भाग लवकर खराब होतो म्हणून टाकून देत, आणि त्या पद्धतीचा खरा ट्यूना म्हणजे सोयासॉसमध्ये मुरवलेला लाल भाग. तोरोचे तीन-तीन तुकडे, त्यावर कॅविआर, म्हणजे माशाची खारवलेली अंडी, त्याहीवर सोन्याचा वर्ख असला प्रकार अलीकडे जगातल्या अनेक शहरांत ओमाकासेच्या नावाखाली चालतो. त्याला माझा विरोध आहे. तिथे भाताची चव लागतच नाही आणि पाहुणा किमती वस्तूंची यादी खाऊन घरी जातो.

किमतीबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. एदोच्या पद्धतीची सुशी हे मुळात रस्त्यावरच्या गाड्यांवर उभ्याने खायचे अन्न होते. १९४७ च्या अन्नटंचाईत, गिऱ्हाइकाने आपला एक गो (एक लहान जपानी माप) तांदूळ आणून द्यायचा आणि बदल्यात दहा नग न्यायचे, या तोडग्यावर हा धंदा तगला. आज टोकियोच्या गिंझा या महागड्या भागातल्या नावाजलेल्या दुकानांत रात्रीच्या जेवणाला माणशी तीस हजार येनहून अधिक लागतात. २०१४ साली ओबामा आणि आबे जिथे जेवले, ते सुकियाबाशी जिरो हे दुकान २०१९ मध्ये मिशेलिनच्या उत्तम उपाहारगृहांच्या यादीतून गेले, कारण सामान्य माणसाला तिथे जागा राखून ठेवता येत नव्हती. मला तो निर्णय योग्य वाटला. खुर्च्या कमी असणे मला समजते. त्या ओळखीपाळखीवरच भरणे मला पटत नाही. सुदैवाने गिंझाबाहेरच्या वस्त्यांत, आणि गिंझातही दुपारच्या वेळी, याच पद्धतीचे काम बरेच कमी पैशांत मिळते. मी आग्रहाने तिकडेच जायला सांगेन.

जाणार असाल तर काही गोष्टी पाळाव्यात. अत्तर लावून जाऊ नये, कारण शेजारी चार बोटांवर बसलेला असतो. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते. वासाबी आत असते आणि सोयासॉसचा हात वरून फिरवलेला असतो, तेव्हा आणखी काही मागू नये. काय चालत नाही ते जागा राखतानाच सांगावे. शाकाहारी मंडळींनी मात्र या वाटेला जाऊ नये, असेच मी म्हणेन, कारण माशाचा अर्क तिथल्या साध्या सूपमध्येही असतो. आणि हे पाहून घरी बाजारातला मासा कच्चा खाण्याचा प्रयोग कृपया करू नका. अनिसाकिस नावाच्या कृमीला व्हिनेगर किंवा वासाबी मारू शकत नाही. त्यासाठी मासा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवावा लागतो.

शिजवलेली समुद्री वाम आणि गोडसर अंडे आले की जेवण संपत आल्याचे समजावे. तेव्हा आणखी काही हवे का, असे इतामाए विचारतो. बहुतेक पाहुणे तोरो मागतात. तुम्ही काम्प्यो-माकी मागून पाहा : भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या सोयासॉस आणि साखरेत शिजवून भात व नोरीत, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात, गुंडाळलेला, एदोच्या पद्धतीचा जुना आणि स्वस्त रोल. त्यात मासा नसतो, त्यामुळे त्या दुकानाचा भात कसा आहे ते तुम्हाला तिथे नीट कळेल.